सुटलेला सूर घरी आणण्याची पन्नास वर्षं

मर्ल ट्रॅव्हिस हा अमेरिकेतल्या कंट्री संगीतातला नामांकित गिटारवादक. चाळीसच्या दशकात तो कॅलिफोर्नियात होता आणि त्याच्या गिब्सन गिटारवर एक दांडी बसवलेली होती. वाजवता वाजवता ती हलवली की सगळ्या तारांचा सूर एकदम लहरायचा. ऐकायला झकास. पंचाईत एवढीच होती की लहर संपल्यावर तारा मूळ सुरावर परत येत नसत. प्रत्येक गाण्यानंतर खुंट्या पिळाव्या लागत. कंटाळून ट्रॅव्हिसने ती गिटार पॉल बिग्सबीकडे नेली. बिग्सबी मुळात वाद्यं बनवणारा नव्हता. मोटारसायकली पळवणारा, त्यांच्या भागांचे साचे करणारा तो कारागीर होता. त्याने दांडी दुरुस्त करून दिली, ती पुन्हा बिघडली. असं झाल्यावर चांगला कारागीर जे करतो तेच बिग्सबीने केलं. दुसऱ्याचं यंत्र बाजूला ठेवलं आणि स्वतःचं बनवायला घेतलं.

इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात आवाज मोठा कसा झाला याच्या गोष्टी भरपूर सांगितल्या जातात. मला त्याहून रंजक वाटते ती ही दांडीची गोष्ट. १९२९ ते १९७९ अशी पन्नास वर्षं अर्धा डझन हुशार माणसं एकाच प्रश्नाशी झुंजत होती. सूर जागेवरून ढळवायचा कसा, हे पहिल्याच माणसाला जमलं होतं. ढळलेला सूर नेमका जागेवर आणायचा कसा, यात बाकीची वर्षं गेली.

मुळात ही लहर हवी कशाला होती? त्याचं उत्तर हवाई बेटांवर आहे. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाई दालनात लोकांनी मांडीवर आडवी ठेवलेली, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची गिटार ऐकली आणि अमेरिकेला या वाद्याचं वेड लागलं. पडद्यांमध्ये अडकलेला सूर इथे मोकळा झाला होता. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, शेवटी थरथरत थांबे. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची इलेक्ट्रिक गिटार, लोक जिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत, तीही हवाईयन पद्धतीचीच होती. उभी धरून, पडद्यांवर बोटं दाबून वाजवणाऱ्यांना आता तोच थरथरता आवाज हवा होता, पण वाद्य आडवं न करता.

कॅन्ससमध्ये जन्मलेल्या क्लेटन कॉफमनने, मित्रांच्या तोंडी ‘डॉक’ कॉफमनने, त्यासाठी १९२९ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९३२ च्या जानेवारीत ते त्याला मिळालं. त्याच्या ‘व्हायब्रोला’त तारांची मागची टोकं एका हलत्या तुकड्याला बांधलेली असत आणि दांडी आडवी, म्हणजे गिटारच्या पृष्ठभागाला समांतर हलवावी लागे. एपिफोनने ती वापरली, रिकनबॅकरनेही. पुढे रिकनबॅकरने अशी गिटार काढली की जिच्या पोटात विजेची मोटर बसवून व्हायब्रोला आपोआप हलवली जाई. वादकाने हात लावायचीही गरज नाही! ती इतकी जड झाली की तिला टेकू द्यावा लागे. माझ्या मते हा सगळ्या कहाणीतला सर्वांत चुकीचा फाटा. सूर कधी, किती आणि केवढ्या घाईने ढळवायचा हेच तर वादकाच्या हातात हवं. तेच मोटरला दिलं तर वादकाने करायचं काय?

तत्त्व तसं साधं आहे आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते कुणी शिकवायला नको. रेणुका-यल्लम्माच्या जोगत्यांच्या हातातलं चौंडकं आठवा. काखेत धरलेलं नळकांडं, तळाला मढवलेलं कातडं, त्या कातड्यातून निघालेली तार आणि तिचं दुसरं टोक वाजवणाऱ्याच्या मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. गोंधळ्याच्या तुणतुण्याची तार खुंटीला बांधलेली, म्हणून ते एका सुरावर ठाम. चौंडक्याची तार माणसाच्या मुठीला बांधलेली, म्हणून ते बोलतं. कॉफमनने जे केलं ते इतकंच की खुंटीची तार थोडा वेळ मुठीची केली.

पण चौंडक्याला ठरलेल्या सुरावर परतण्याची सक्ती नाही. गिटारला आहे, कारण तिच्या सहा तारा एकमेकींशी जुळलेल्या असतात. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे अर्धा स्वर चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो आणि पूर्ण सप्तक खाली यायचं तर तो चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. नेहमीच्या जाडीच्या सहा तारांचा मिळून ओढा साधारण ४५ किलोंचा असतो. एवढा ओढा दांडीने कमी-जास्त करायचा आणि सोडल्यावर तो काटेकोर तेवढाच झाला पाहिजे. मध्ये तार घोडीवर घासते, मानेच्या टोकाला तारांना टेकू देणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचेत अडकते, खुंटीवरच्या वेढ्यांत सैलावते. या तिन्ही जागी केसभर अडली तरी सूर बेसूर. कॉफमनच्या यंत्राला हे घर्षण जिंकता आलं नाही आणि ट्रॅव्हिसची गिटार बिग्सबीच्या कामाच्या टेबलावर आली ती त्यामुळेच.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बिग्सबीचं यंत्र तयार झालं. तारा एका गोल नळीवर गुंडाळलेल्या. नळीला दांडी जोडलेली आणि दांडीखाली एकच जाडजूड स्प्रिंग. दांडी दाबली की नळी किंचित वळते, तारा सैलावतात. सोडली की स्प्रिंग आणि तारांचा ओढा पुन्हा समतोलावर येतात. घोडीही पुढे-मागे डुलणारी, म्हणजे तार तिच्यावर घासण्याऐवजी तिला घेऊनच हलते. दांडी आडवी नव्हे तर वर-खाली हलते, त्यामुळे झणत्कार संपताच करंगळीने तिला नुसतं टेकवलं तरी पुरतं. सगळं ॲल्युमिनियमच्या ओतकामातलं, मोटारसायकलच्या भागासारखं चकाकणारं. बिग्सबीचा आवाका थोडा. त्यात अर्धा स्वर, फार तर एक स्वर, आणि तोही सावकाश. पण गिटारवादक चेट ॲटकिन्सला तेवढंच हवं होतं. १९५८ च्या ‘रेबल राउझर’मध्ये ड्वेन एडीच्या जाड तारांवरचे ते डुलणारे, भारदस्त खर्ज स्वर याच बैठकीतले. बिग्सबीने कंपनी साठीच्या दशकात गिब्सनचे माजी अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना विकली. १९६८ साली तो गेला. यंत्र मात्र आजही जवळपास त्याच रूपात विकलं जातं. या क्षेत्रात इतकं आयुष्य फारच थोड्यांच्या वाट्याला आलंय.

आता कॉफमनकडे पुन्हा यावं लागेल, कारण १९४५ साली त्याने लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर भागीदारी केली होती. के अँड एफ या नावाने दोघं हवाईयन गिटारी आणि ॲम्प्लिफायर बनवत. वर्षभरात कॉफमन बाहेर पडला. धंदा चालेल याचा त्याला भरवसा नव्हता. फेंडर थांबला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ही त्याची उणीव होती आणि मला वाटतं तेच त्याचं बळही होतं, कारण तो वाजवणाऱ्यांचं ऐकून घेई. बिल कार्सन नावाचा वेस्टर्न स्विंग वाजवणारा गिटारिस्ट त्याच्याकडे येऊन बसे. स्टील गिटारसारखा सूर वाकवता येईल आणि नंतर जुळलेला राहील, असं काहीतरी करा, असा त्याचा लकडा होता. दुसरा होता फ्रेडी टॅव्हारेस. हवाईतल्या मावी बेटावरचा, पेशाने स्टील गिटारवादक. ‘लूनी ट्यून्स’ कार्टूनच्या सुरुवातीला सूर सणसणत वर जातो ना, तो टॅव्हारेसने वाजवलेला असं मानलं जातं. १९५३ साली तो फेंडरकडे लागला आणि नव्या गिटारचा आराखडा त्यानेच कागदावर उतरवला. म्हणजे १९१५ साली अमेरिकेला ज्या आवाजाने वेड लावलं, त्याच बेटांवरचा माणूस आता तो आवाज उभ्या गिटारमध्ये घालायला बसला होता.

पहिला प्रयत्न सपशेल पडला. त्यात घोडी एकीकडे, तारा बांधायचा भाग दुसरीकडे आणि तारांखाली छोटे रूळ होते. सूर वाकत होता, पण आवाजात जीव नव्हता. स्वर लगेच मरत होता. साच्यांवर खर्च झालेला पैसा पाण्यात घालून फेंडरने ते सगळं रद्द केलं. हे धाडस मला त्याच्या यशाइतकंच मोठं वाटतं. दुसऱ्या प्रयत्नात त्याने घोडी आणि तारांचं बंधन एकाच तुकड्यात आणलं. वर पत्रा, त्यावर प्रत्येक तारेसाठी वेगळी खोगिरं. पत्र्याखाली गिटारच्या पोटात शिरणारा पोलादी ठोकळा, त्यातून तारा ओवलेल्या. पुढच्या कडेला सहा स्क्रू, त्यांवर अख्खा पत्रा डुलतो. ठोकळ्याच्या खालून पाच स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. तराजूच्या एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा, अशी ही रचना. तार आणि खोगीर बरोबरच हलत असल्याने घोडीवरचं घासणं जवळपास संपलं आणि पोलादी ठोकळ्यामुळे स्वर लांबत राहिला. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. दांडीसकट २४९ डॉलर ५० सेंट, दांडीशिवाय वीस डॉलर स्वस्त. १९५६ मध्ये पेटंट मिळालं. फेंडरने पेटंटात याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं आणि दुकानदारांत ते नाव अजून चालतं.

तराजूची अडचणही तराजूचीच. एक तार तुटली की त्या बाजूचा ओढा कमी होतो, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. कार्यक्रमाच्या मध्यावर हे होणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे एरिक क्लॅप्टनसारख्या वादकाने ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ते यंत्र कायमचं जाम केलं. इतक्या कष्टाने बनवलेली युक्ती आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध ग्राहक ती बंद करून वाजवतो!

फेंडरने पुढे १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये आणि १९६२ च्या जॅग्वारमध्ये वेगळी, हलकी पद्धत आणली. तिच्यात तार तुटली तर यंत्र जागीच अडकवायला एक बटण दिलं. सर्फ संगीतवाल्यांना तिची मऊ लहर आवडली. गिब्सनने १९६१ मध्ये आडव्या हालचालीची दांडी काढून कॉफमनचीच वाट धरली. ती फारशी कुणाला रुचली नाही. नंतरची त्यांची वाकणाऱ्या पोलादी पट्टीची व्हायब्रोला दिसायला देखणी, चालायला बेतास बात.

दांडीचं नशीब उघडलं ते इंग्लंडात, आणि तिथे आपल्याकडचा एक धागा येतो. १९४० साली लखनौत जन्मलेला हॅरी वेब इंग्लंडला जाऊन क्लिफ रिचर्ड झाला. १९५९ साली त्याने आपल्या गिटारवादकासाठी, हँक मार्विनसाठी, एक स्ट्रॅटोकास्टर मागवली. पुढच्या वर्षीच्या ‘अपाची’त मार्विनने दांडी अशी वापरली की प्रत्येक लांब स्वराच्या शेवटी हलकंसं आंदोलन येतं, गायक करतो तसं. आणि मग १८ ऑगस्ट १९६९ ची सकाळ. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना दांडी पार खाली दाबून तारा अक्षरशः लोंबकळवल्या. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तो डावखुरा वाजवत असे, त्यामुळे दांडी वरच्या बाजूला, त्याच्या तळहाताजवळ येई. फेंडरने अर्ध्या स्वराच्या लहरीसाठी बनवलेल्या यंत्रातून बाँब आणि किंकाळ्या निघाल्या. गिटार जुळलेली राहिली नाही हे उघडच आहे. हेंड्रिक्स वाजवता वाजवता खुंट्या पिळून घेई.

मुंबईत या काळात काय चाललं होतं? इथल्या चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटार होती, पण तिचा सर्वांत लाडका आवाज दांडीचा नव्हता. तो हवाईयन गिटारचा होता. टाऊ मो हा हवाईचा वादक चाळीसच्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिला आणि तिथून हे वाद्य आपल्याकडे रुजायला मोठी मदत झाली. लखनौहून मुंबईत आलेले व्हॅन शिपले मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले. त्यांच्या आणि हजारा सिंग यांच्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. कुठल्याही स्वराची मींड, कुठल्याही दोन श्रुतींमधली जागा कांडीला सहज सापडते. परतीचा प्रश्नच नाही, कारण कांडी कुठे थांबवायची ते कान ठरवतो. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काबरा यांची गिटार बसली. एचएमव्हीसाठी या तबकडीची निर्मिती केली जी. एन. जोशी यांनी, भावगीताच्या पहिल्या पिढीतले आपले गायक तेच. अमेरिकनांनी हवाईचा आवाज उभ्या गिटारमध्ये आणायला तीस-चाळीस वर्षं यंत्रं घडवली. आपण मूळ वाद्यच मांडीवर घेतलं आणि विषय मिटवला. त्यामुळे दांडीच्या शोधात भारताचा वाटा शून्य आहे, आणि मला यात उणं काही वाटत नाही. आपल्याला ती गरजच पडली नव्हती.

गरज पडली ती रॉक बँडवाल्यांना. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं, रॉक मशीनसारखे बँड स्वतःची गाणी करू लागले, तोवर पश्चिमेत या प्रश्नाचा निकाल लागला होता. तो लावला फ्लॉइड रोझ नावाच्या गिटारवादकाने. हा दागिने घडवणारा माणूस. हातोडी, कानस, छोटी यंत्रं यांवर हात बसलेला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या स्ट्रॅटोकास्टरवर हेंड्रिक्सची गाणी वाजवताना त्याने पाहिलं की सूर सर्वांत जास्त बिघडतो तो नटपाशी. खाचेत तार सरकते आणि परतताना अडते. बाकीचे खाच गुळगुळीत करण्याच्या मागे होते, तिच्यात शिसपेन्सिलीचं काळं चोळत होते. रोझने उलट विचार केला की तार तिथे सरकतेच कशाला? त्याने पितळेचा असा नट केला की त्यात तारा कळीने आवळून टाकता येतील. पितळ झिजलं तेव्हा कठीण पोलाद घेतलं. मग घोडीपाशीही तसंच, तारेचं टोक कापून ते खोगिरात आवळलं. दोन्ही टोकं कुलुपबंद. आता खुंटीचे वेढे, नटची खाच, सगळं खेळाबाहेर. दांडी गिटारच्या अंगाला टेकेपर्यंत दाबा, वर उचला, सोडा, तार जिथून निघाली तिथेच येते. १९७९ साली पेटंट मिळालं आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या हाती ते पडल्यावर जग बदललं.

किंमतही मोजावी लागली. नट आवळला की खुंट्या निकामी, म्हणून पुढे घोडीवरच बारीक जुळणीचे स्क्रू बसवावे लागले. तार बदलायची तर ॲलन की शोधा, टोक कापा, आवळा, स्प्रिंगांचा समतोल पुन्हा लावा. एक तार बदलायला निघालेला माणूस अर्धा तास सहाही जुळवत बसतो. काहींना आवाजही पातळ वाटतो. त्याच सुमारास काहलरने कॅमवर फिरणारी वेगळी घोडी काढली. स्टाइनबर्गरने १९८४ च्या सुमारास ‘ट्रान्सट्रेम’ आणली, ती मला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सुंदर वाटते. जाड आणि पातळ तारा सारख्याच ढिल्या केल्या तरी त्यांचे सूर सारखे उतरत नाहीत, म्हणून बाकी सगळ्या यंत्रांत दांडी दाबली की स्वरसंघात फाटतो. ट्रान्सट्रेममध्ये प्रत्येक तार तिच्या हिशेबाने सैलावते आणि अख्खा स्वरसंघात एकसंध खाली जातो. महाग, अवघड आणि खास तारा लागणारी असल्याने ती चालली नाही.

आमच्या चारठाण्यात, जुन्या हेमाडपंती देवळांच्या आणि बारवेच्या गावात, फ्लॉइड रोझ बसवलेली गिटार वरातीत दिसणार नाही. पण लग्नसराईत वरात निघाली की गाडीवर जो कीबोर्ड असतो, त्याच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहा. वाजवणारा उजव्या हाताने सनईचे स्वर दाबतो आणि डाव्या अंगठ्याने एक छोटी कांडी डावी-उजवीकडे ढकलत राहतो. ‘पिच बेंड’ म्हणतात तिला. रोलंडच्या वाद्यांवर ती अशीच आडवी हलते आणि सोडली की स्प्रिंगने मधोमध येते. आडवी दांडी, मूळ सुरावर हमखास परती! कॉफमनला १९२९ मध्ये जे हवं होतं ते सगळं त्यात आहे. घर्षणाचा प्रश्न तिथे नाहीच, कारण आत तारच नाही. जिंतूर-जालना रस्त्याच्या कडेला वरात थांबवून मुलं नाचत असतात आणि तो गडी त्या अंगठ्याने सनईत असा काही जीव घालतो की कीबोर्डाचा निर्जीवपणा विसरावा. शिकवणी कुणी घेतलेली नसते. मोबाइलवर ऐकून, बघून उचललेलं असतं.

तारेवर मात्र हे काम किती टोकाला जाऊ शकतं याचा माझ्या कानाला पटलेला दाखला एका मराठी आवाजाशी जोडलेला आहे. लंडनमधल्या गायिका स्वाती नाटेकर यांनी नितीन साहनी यांच्या १९९९ च्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममधलं ‘नादिया’ गायलं. इंग्लंडचा गिटारवादक जेफ बेक त्यावर भाळला आणि २००१ मधल्या ‘यू हॅड इट कमिंग’ या अल्बममध्ये त्याने ते वाजवलं, शब्दांविना. त्यांच्या मुरक्या, मींड, स्वराला लागून येणारे कण हे सगळं त्याने दांडी आणि स्लाइडच्या जोरावर उभं केलं. बेक प्लेक्ट्रम वापरत नसे. अंगठ्याने तार छेडायची, बाकीची बोटं दांडीवर आणि व्हॉल्यूमच्या खुंटीवर. घोडी त्याने अधांतरी ठेवलेली असे, म्हणजे दांडी दाबल्यावर सूर उतरतो तसा वर उचलल्यावर चढतोही. गमकेला हे दोन्ही लागतं, आणि ठोकळा अडकवलेल्या क्लॅप्टनच्या गिटारवर ते कधी निघालंच नसतं. बेकच्या फेंडरवर रोझची कुलपं नव्हती. दोन बिंदूंवर डुलणारी स्ट्रॅटोकास्टरची घोडी आणि नटच्या जागी तार अलगद सरकू देणारे छोटे रूळ, एवढ्यावर त्याने काम भागवलं. फेंडरने १९५४ च्या आधी तारांखालचे जे रूळ रद्द केले होते, ते मानेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कामी आले. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकून पाहा, आधी नाटेकरांचं, मग बेकचं. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत दांडीचा विसर पडतो, आणि मग एखादी मींड अशी येते की तिच्या शेवटी तो दांडी किती सावकाश सोडतोय ते ऐकू येतं.